"डब्याला वास येतो" म्हणणाऱ्या वर्गात वर्गशिक्षिकेने काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला कळेल. ऐरोलीतली खासगी शाळा, सहावीचा वर्ग, तुमचं नोकरीचं दुसरं वर्ष. वर्गात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांतून आलेली एक मुलगी आहे. राहते दिघ्याकडे डोंगरालगतच्या वस्तीत, आईवडील दगडखाणीवर कामाला. मधल्या सुट्टीत एक मुलगा म्हणाला, "हिच्या डब्याला वास येतो." दुसऱ्याने जोडलं, "ही लोकं तशीच असतात, फुकट शिकतात." तुम्ही पुढचा तास बाजूला ठेवून चाळीस मिनिटं समतेवर बोललात, त्या दोघांना उभं करून माफी मागायला लावलीत. आता आठवडा होत आला. मुलगी डबाच आणत नाही आणि शेवटच्या बाकावर एकटी बसते. स्टाफरूममधल्या ज्येष्ठ बाई म्हणतात, "उकरून काढू नका, मुलं विसरतात." तुम्ही विचारता आहात की माझं काय चुकलं आणि आता काय करू.

मी कळव्यात आणि नंतर नवी मुंबईत मिळून २८ वर्षं शिकवलं, बहुतेक पाचवी ते आठवी. असे प्रसंग जवळपास दरवर्षी आले. काही मला नीट हाताळता आले, काही नाही. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुम्ही गप्प बसला नाहीत हे बरोबरच केलंत. बाईंनी ऐकलं आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे बाईंनाही ते पटतं, असाच अर्थ मुलं काढतात. चुकलं ते बोलण्याच्या लांबीत आणि जागेत. त्या चाळीस मिनिटांत तुम्ही "गरीब", "मागास", "कष्टकरी" असा जो शब्द उच्चारला असेल, त्या प्रत्येक शब्दाला चाळीसेक डोकी मागे वळून एकाच मुलीकडे बघत होती. टोमणा ऐकला होता चार-पाच जणांनी. भाषणानंतर ती कोण आहे आणि कुठून येते, हे अख्ख्या वर्गाला कळलं. तिच्या जागी अकरा वर्षांचं कुठलंही मूल असतं तरी शेवटचा बाकच शोधला असता.

म्हणून उद्याचं पहिलं काम त्या दोन मुलांचं नाही. ते तिच्या पोटाचं आहे. सकाळी सातपासून एक वाजेपर्यंत ती उपाशी बसते आहे. शाळा सुटल्यावर किंवा खेळाच्या तासाला तिला एकटीला भेटा, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. वह्या स्टाफरूममध्ये न्यायला मदत कर, इतकं निमित्त पुरतं. "तू मनाला लावून घेऊ नकोस" असं म्हणू नका. त्याचा अर्थ तिला ऐकू येतो तो असा की दुखलं ही तिचीच चूक. त्यापेक्षा सरळ सांगा: "त्या दिवशी ते जे बोलले ते चूक होतं. आणि मी सगळ्यांसमोर इतकं बोलले, त्याने तुला आणखी अवघडल्यासारखं झालं असेल. त्याबद्दल मला वाईट वाटतं." मग विचारा की मी काय करावं असं तुला वाटतं, आणि काय अजिबात करू नये. हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बहुतेक मुलं पहिल्याला "काही नाही" म्हणतात, दुसऱ्याला मात्र उत्तर देतात. एका मुलीने मला सांगितलं होतं, "बाई, माझं नाव घेऊन काही बोलू नका, आणि मला पहिल्या बाकावर बसवू नका." मी नेमकं तेच करायला निघाले होते.

डब्याचा वास ही गोष्ट नाकाची नाही, हे तुम्हालाही जाणवलं असेल. सुका जवळा आणि बोंबील आपल्या भागातल्या कितीतरी घरांत रोजचा आहे. आगरी-कोळ्यांच्या मुलांच्या डब्याला "वास" येतो, मुंब्र्याहून येणाऱ्या मुलाच्या डब्याला येतो, दगडखाणीवरच्या मुलीच्या डब्याला येतो. ज्याच्यासोबत जेवायचं नाही असं घरात ठरलेलं असतं, त्याच्या डब्याला वास येतो. कुणी कुणाच्या पंगतीला बसायचं, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे आणि मधल्या सुट्टीत तो रोज नव्याने मांडला जातो. मुलांना त्याचं नाव माहीत नसतं, रीत माहीत असते. म्हणून खरा प्रश्न ते काय बोलले एवढाच नाही. तुमच्या वर्गात कोण कुणाबरोबर जेवतं, कोण कुणाशेजारी बसतं, कुणाची पेन्सिल कोण घेतं, तो आहे. बोलणं तुम्ही एका दिवसात थांबवू शकाल. ही मांडणी बदलायला महिने लागतात, आणि ती बदलण्याचं सामर्थ्य शाळेत सगळ्यांत जास्त वर्गशिक्षिकेच्या हातात असतं.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुख्याध्यापक पाठीशी आहेत की नाहीत, पट ३५ आहे की ६०, तुमची नोकरी कायम आहे की कराराची, यावर किती उघडपणे वागता येईल हे ठरतं. तिसरीतल्या मुलाच्या तोंडी असा शब्द आला तर तो बहुधा ऐकीव असतो. आठवीतल्याच्या तोंडी आला तर अर्थ कळून आलेला असतो. सहावी मधली आहे, थोडं कळतं आणि थोडं नाही. तेव्हा माझं सगळं जसंच्या तसं तुमच्याकडे लागू होईल असं नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथून मिळालं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक शिष्यवृत्तीचं परिपत्रक आलं. योजनेचं नावच होतं "अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती". मी ते वर्गात जसंच्या तसं वाचलं आणि म्हटलं, ज्यांना लागू असेल त्यांनी उभं राहा. माझ्या वर्गात एका सफाई कामगाराचा मुलगा होता. तो उठला नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्याच्याकडे बघून. तो खाली मान घालून बसून राहिला. मुदत टळली. त्याच्या आईला भेटले तेव्हा ती म्हणाली, "बाई, तो म्हणतो पैसे नको, पण शाळेत सांगू नको." त्या मुलाशी मी कधीच वाईट वागले नव्हते. पण एका सरकारी कागदाचा शब्द मी पन्नास मुलांसमोर त्याच्या अंगावर टाकला होता. त्या वर्षी तो गणितात मागे पडत गेला. तेव्हा मला त्याचा आणि या प्रसंगाचा संबंध लावता आला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक प्रयोग वाचनात आला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुलं आणि उच्च जातींची मुलं सारखीच कामगिरी करत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुलंही तशीच, मध्ये फक्त एक घोषणा होती. मी ते वाचलं आणि खाली मान घालून बसलेला तो मुलगा डोळ्यांसमोर आला.

तेव्हापासून माझ्या वर्गात काही गोष्टी कायमच्या बंद झाल्या. शिष्यवृत्तीची, आरटीईची, जातीच्या दाखल्याची चौकशी वर्गात तोंडी नाही. सर्व योजनांची माहिती एका कागदावर छापून सगळ्या मुलांच्या हाती, बंद पाकिटात, पालकांसाठी. ज्यांना लागू आहे ते पालक माझ्याशी किंवा ऑफिसशी बोलतील. जनरल रजिस्टरमधला जातीचा रकाना ऑफिसात राहील, तो कागद वर्गात येणार नाही. हजेरी पहिल्या नावाने. आपल्याकडे आडनाव घेतलं की अर्धी ओळख आपोआप होते. ही कामं लहान दिसतात, पण तुमच्या मुलीला "फुकट शिकते" हे वर्गातल्या मुलांनी कुठून कळून म्हटलं, याचा शोध घ्या. फीची आठवण करताना "आरटीईवाले सोडून" असं कुणीतरी वर्गात येऊन म्हणत असेल. वह्या-गणवेश वाटताना वेगळी रांग लागत असेल. मुलांना हे भेद आपोआप कळत नाहीत, आपण ते दाखवून देत असतो.

पेपर तपासणीचंही तसंच. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच एक प्रयोग केला होता. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर मुलांची जात वगैरे माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुठलीही कुठेही लिहिली आणि शिक्षकांकडून पेपर तपासून घेतले. दर्जा तोच असूनही खालच्या मानलेल्या जातीचा उल्लेख असलेल्या पेपरला थोडे कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि तो केवळ उच्चवर्णीय तपासणाऱ्यांमुळे आलेला नव्हता. उलट तो मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्या तपासनिसांकडून आला होता. हे मला सर्वांत अंतर्मुख करणारं वाटलं, कारण "मी तसली नाही" हे म्हणण्याची सोय त्याने काढून घेतली. तेव्हापासून मी घटक चाचणीचे गठ्ठे नावाचा कोपरा दुमडून तपासते आणि सगळ्या पेपरांचा पहिला प्रश्न आधी, मग दुसरा, असं करते. वेळ थोडा जास्त लागतो.

स्वतःच्या जिभेकडेही बघावं लागतं. मी कितीतरी वर्षं वर्गात सहज म्हणायचे, "कशाला त्या चांभारचौकशा?" एका मुलाचे वडील स्टेशनबाहेर चप्पल शिवायला बसायचे. त्याने एक दिवस घरी विचारलं की बाई आपल्याबद्दल असं का म्हणतात. "भामटा" हाही असाच शब्द, तो एका जमातीचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अशा कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. तो डाग कायद्यातून पुसला गेला १९५२ मध्ये, भाषेतून अजून नाही. "आदिवासीसारखा काय वागतोस" हे मी येऊरच्या पाड्यावरचा मुलगा समोर बसलेला असताना एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकलं आहे. आणि सगळ्यांत नेहमीचं म्हणजे आगरी मुलगा वाचताना "पानी" म्हणाला की आपण लगेच "पाणी" करायला लावतो आणि वर्ग हसतो. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, परीक्षेत ती लागते. पण "तुझ्या घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात, तुला दोन्ही यायला हवं" असं म्हटलं तर मूल दोन भाषांचा मालक होतं. "अशुद्ध" म्हटलं तर त्याचं घरच अशुद्ध ठरतं. ज्या शहरात आपण शिकवतो ते सिडकोने १९७० नंतर याच लोकांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर उभं केलं आहे. तिथे त्यांच्याच मुलाला त्याच्या बोलीवरून हसू होणं मला सहन होत नाही.

थोडं थांबून सांगते: आधी दुखावलेलं मूल, मग वर्गाच्या आणि आपल्या सवयी, आणि त्यानंतर ती दोन मुलं. हा क्रम मी मुद्दाम ठेवते, कारण आपला राग पहिल्यांदा त्या मुलांकडे धावतो.

त्या दोघांशी वेगवेगळं बोला, कुणी ऐकत नाही अशा ठिकाणी. "का बोललास" असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. "हे कुठे ऐकलंस" असं विचारा. नव्वद टक्के वेळा घर, नातेवाईक किंवा व्हॅनमधले मोठे मुलगे. मग एवढंच सांगा, "घरी कोण काय बोलतं ते मी ठरवू शकत नाही. या वर्गात कुणाच्या जेवणावर, घरावर, जातीवर, धर्मावर बोलायचं नाही. पुन्हा झालं तर मी तुझ्या आईबाबांना बोलावीन." आवाज न चढवता, आणि पुन्हा झालं तर खरंच बोलवायचं. सक्तीची माफी मला आता मान्य नाही. ती मागताना एकाचा अपमान होतो आणि ती घेताना दुसऱ्याचा. मुलाला स्वतःहून काही करावंसं वाटलं तर तो करतो, तीन आठवड्यांनी खोडरबर पुढे करतो, तेवढं पुरतं.

"फुकट शिकते" या वाक्याला मात्र माहितीने उत्तर द्यायला हवं, कारण ते वाक्य चुकीचं आहे. पण आत्ता नाही. महिनाभर जाऊ द्या आणि नागरिकशास्त्राच्या तासाला, त्या प्रसंगाचा उल्लेख न करता, "आपल्यासाठी कोण पैसे भरतं" असा धडा घ्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो आला आणि कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २५ टक्के जागांवरच्या मुलांचा खर्च शासनाने शाळेला परत द्यायचा असतो, म्हणजे शाळेचे कुणी उपकार नाहीत. मग पुढे चला. नवी मुंबईच्या नळाला पाणी येतं ते मोरबे धरणातून, कुणाच्या जमिनी पाण्याखाली जाऊन. अनेक शाळांना भूखंड सिडकोने सवलतीच्या दरात दिले आहेत. मुलांना आपापली यादी करू द्या: माझ्या दिवसात कुठल्या गोष्टी मी पूर्ण किंमत न देता वापरतो? माझ्या वर्गात ही यादी फळ्यावर मावली नाही. एक मुलगा, ज्याचे वडील मोठे बिल्डर होते, शांतपणे म्हणाला, "म्हणजे सगळेच फुकट शिकतो." ते त्याला मी सांगितलं असतं तर त्याने मानलं नसतं.

आता बसण्याची मांडणी. मी जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चिठ्ठ्या लिहून घेते: तुला कुणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं. चिठ्ठ्या फक्त मी बघते. ज्या मुलाचं नाव एकाही चिठ्ठीत नाही, ते मूल मला सापडतं. दरवर्षी तीन-चार सापडतात आणि त्यातलं एखादं मला आश्चर्यात टाकतं. ते गरीब नसतं, वेगळ्या जातीचंही नसतं, नुसतं तोतरं बोलणारं असतं. मग दर सोमवारी सगळ्या वर्गाची बाकं फिरतात. फिरण्याचा नियम सगळ्यांना एकच दिसतो, पण पहिल्या महिन्यात त्या एकट्या मुलाशेजारी कोण येईल हे मी ठरवलेलं असतं. तिथे वर्गातलं सगळ्यांत "चांगलं" मूल बसवू नका. ते उपकार करतं आणि उपकार जाणवतात. थोडं बेफिकीर, बडबडं, कुणाचंही काहीही खाणारं मूल निवडा.

नुसतं शेजारी बसवून भागत नाही, एकत्र काम लागतं. दिल्लीतल्या श्रीमंत खासगी शाळांमध्ये गरीब मुलांना प्रवेश देणं सक्तीचं झाल्यावर गौतम राव यांनी तिथल्या मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली होती, आणि बक्षिसाच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला टाळण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. अभ्यासावर वाईट परिणाम जवळजवळ नव्हता, इंग्रजीत किंचित घट एवढीच. नावाच्या अक्षरांनुसार जिथे अभ्यासगट पाडले जात होते, तिथे एकाच गटात आल्याने बराच फरक पडला होता. तुमच्या संस्थेत "आरटीईमुळे दर्जा घसरतो" असं कुणी म्हणालं तर हा अभ्यास सांगा.

एकत्र कामाची जी पद्धत मी वापरते ती एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. तिथे तोवर वेगळ्या शाळांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन मुलं तेव्हा एका वर्गात आली होती आणि भांडत होती. त्याला जिगसॉ म्हणतात. मी ठाणे खाडीवर केलं ते सांगते. पाच-पाच मुलांचे गट, खाडीचे पाच तुकडे: खारफुटी, रोहित पक्षी, मासेमारी, मिठागरं, कारखान्यांचं पाणी. प्रत्येक गटातल्या एकाकडे एक तुकडा, त्याचा कागद फक्त त्याच्याकडे. आधी सगळ्या गटांतली "खारफुटी"ची मुलं एकत्र बसून तो भाग पक्का करतात, मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्या चौघांना शिकवतात. शेवटी पाचही भागांवर चाचणी. आता "रोहित पक्षी" जिच्याकडे आहेत तिचं ऐकल्याशिवाय इलाज नसतो. ती अडखळली तर तिला टोमणा मारून फायदा नाही, प्रश्न विचारूनच फायदा आहे. हे मुलांना दोन-तीन वेळांत उमगतं.

इथे एक सावधगिरी. तुमच्या मुलीला दगडखाणीचा भाग देऊ नका. आपल्याला मोह होतो की तिच्या जगण्यातलं ज्ञान वर्गासमोर यावं. कधीतरी ती स्वतः आणेल. आत्ता तिला रोहित पक्षी द्या. तिला तिच्या पत्त्याखेरीज आणखी काहीतरी असण्याची जागा हवी आहे.

आठवड्यातून दोनदा मीही वर्गात डबा खाते, दर वेळी वेगळ्या बाकावर. मी तिथे बसलेली असले की जागा बदलणं मुलांना अवघड जातं. पण त्या मुलीचा घास सगळ्यांसमोर मागून खाऊ नका. ते आपलं मोठेपण दाखवणं होतं आणि मुलं ते बरोबर ओळखतात. तिच्याशेजारी बसा, आपलं आपण जेवा, क्रिकेटवर बोला.

काही तरुण शिक्षक विचारतात, तो निळ्या डोळ्यांचा प्रयोग करून बघू का? जेन एलियट या आयोवातल्या बाईंनी एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलांना वरचं आणि खालचं ठरवलं होतं. त्यांचा हेतू मोठा होता आणि धैर्यही. मी तो करू नका असं म्हणते. त्यांचा वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा होता. भेदभाव काय असतो हे त्या मुलांना ठाऊक नव्हतं. आपल्या वर्गात ते रोज भोगणारं मूल बसलेलं असतं. त्याला पुन्हा खेळ म्हणून भोगायला लावायचं कशाला? त्यापेक्षा आठवीच्या मुलांना मी मुक्ता साळवेबद्दल सांगते. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध "ज्ञानोदय" नियतकालिकात छापून आला. शाळकरी मुलीने लिहिलेलं शाळकरी मुलांनी वाचलं की ते दयेने वाचत नाहीत, बरोबरीने वाचतात.

पालक येतील. बहुधा त्या मुलाची आई येईल आणि म्हणेल, "बाई, त्याची जागा बदला, तिच्या डोक्यात उवा आहेत." मी अशा वेळी सांगते, "वर्गात सगळ्यांच्या जागा दर सोमवारी बदलतात. एका मुलासाठी मी नियम मोडत नाही." उवांबद्दल काळजी खरी असेल तर सगळ्या वर्गाची तपासणी, सगळ्यांना एकच सूचना. वाद घालत नाही, जात-धर्मावर बोलत नाही. एकदा एका वडिलांनी मला विचारलं, "तुमच्या मुलीला बसवाल का तिच्याशेजारी?" मी म्हटलं, "माझी मुलगी याच गावातल्या शाळेत शिकली, अशाच बाकांवर बसली." ते गप्प झाले, पटलं असेल की नाही माहीत नाही. पालकांना पटवणं माझ्या हातात नसतं, वर्गाचा नियम माझ्या हातात असतो.

एक गोष्ट वर्गात सोडवायची नाही. हे बोलणारी व्यक्ती मोठी असेल, शिक्षक किंवा शिपाई किंवा व्हॅनचालक, तर तारीख-वेळेसह मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि आपल्याकडे प्रत ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारायला जशी बंदी आहे तशीच मानसिक छळालाही आहे. दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ नये याची जबाबदारीही त्याच कायद्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. जातीवरून अपमान वारंवार होत असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदाही आहे, आणि मुलासाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक. कायद्याची धमकी मुलांना देऊ नका, पण तुम्हाला तो माहीत असू द्या.

"मुलं विसरतात" म्हणणाऱ्या बाईंना वाईट समजू नका. त्या बहुधा थकल्या आहेत आणि त्यांनी असे प्रसंग उकरून आणखी बिघडलेले पाहिले असतील. बोलणारी मुलं विसरतात हे खरंच आहे, महिन्याभरात. जिला बोललं गेलं ती विसरत नाही. तुमची मुलगी पहिलीपासून या शाळेत आहे, म्हणजे हे पहिल्यांदा घडलेलं नाही, पहिल्यांदा तुमच्या कानावर आलं आहे एवढंच.

किती दिवस लागतील याचा अंदाज हवा असेल तर माझा अनुभव सहा ते आठ आठवड्यांचा आहे, एखादी मैत्री दिसायला. दोन वर्षी मैत्री झालीच नाही, मुलं नुसती सभ्य झाली. मी तेही मान्य केलं. सभ्य वर्गात मूल निदान डबा उघडून जेवू शकतं.

शेवटचं काम तिच्या आईला भेटण्याचं. तिला शाळेत बोलावू नका. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी सहानंतर तुम्ही जा, आधी मुलीला विचारून. शेजारीपाजारी जमले असतील तर आधी अभ्यासाबद्दल बोला, ते पांगल्यावर डब्याचं सांगा: काय झालं, माझं काय चुकलं, मी काय करते आहे. तुमचा नंबर द्या आणि फोन कधी उचलता तेही सांगा. आई कदाचित म्हणेल, "जाऊ द्या बाई, आमचं असंच." त्यावर समजूत घालत बसू नका, ऐकून घ्या. चहा विचारतील. आपल्याला सवय असते, "नको, आत्ताच घेतला" म्हणण्याची, आणि आपण ते संकोचाने म्हणतो. त्या घरात ते वेगळं ऐकू येतं. चहा घ्या, पूर्ण प्या, आणि मग निघा.